गव्हाच्या पैशांची पुस्तके

मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये भाषांतराची ये-जा करणाऱ्या माणसाच्या संगणकावर एक खिडकी बहुधा कायम उघडी असते, ती मोल्सवर्थच्या कोशाची. शब्द देवनागरीत लिहा किंवा रोमन लिपीत, नोंद समोर येते आणि तिच्या सोबत मूळ छापील कोशातला पृष्ठांकही. कंपनी सरकारच्या फौजेतला कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ आणि जॉर्ज व टॉमस हे कँडी बंधू यांनी हा कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये काढला. आज वापरात आहे ती १८५७ची दुसरी आवृत्ती, मुंबईत छापलेली, सुमारे ६०,००० शब्दांची. त्याच संकेतस्थळावर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा शाळेसाठी केलेला कोश आहे, फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांचा मराठी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश आहे आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. पाहायला दमडी लागत नाही. ही सोय पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या संस्थेने केली असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाची आहे.

शिकागोतल्या माणसाला मोल्सवर्थचे एवढे काय पडले आहे, हा प्रश्न साहजिक आहे. मराठीवरचे प्रेम हे उत्तर ऐकायला गोड वाटते, पण प्रेमावर सर्व्हर चालत नाही. त्याला पैसा लागतो, आणि ग्रंथालयाकडे येणारा मोठा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी घरातून निघालेला असतो. त्याला वाटेत गाठायचे, आपल्या दाराशी वळवायचे आणि तो संपल्यावरही काम चालू राहील अशी तजवीज करायची, हे ग्रंथपालाचे कसब. मोल्सवर्थपर्यंत पोचलेल्या पैशाचा माग काढत मागे गेले, तर तो एखाद्या ग्रंथालयात सापडत नाही. तो सापडतो रेशनच्या दुकानात.

१९५४ साली अमेरिकेत एक कायदा झाला. पब्लिक लॉ ४८० हे त्याचे सरकारी नाव, आपल्याकडे पीएल-४८०. अमेरिकन शेतकऱ्याच्या कोठारात गहू मावेनासा झाला होता आणि ज्या देशांना तो हवा होता त्यांच्याकडे डॉलर नव्हते. तेव्हा गहू घ्या, पैसे तुमच्याच चलनात द्या, असा तोडगा निघाला. भारताने पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. साठच्या दशकात महाराष्ट्रातल्या रेशनच्या रांगांत जो तांबडा गहू आणि मिलो ज्वारी मिळे, त्यांची आठवण त्या पिढीला अजून आहे. त्यांच्या पोळी-भाकरीबद्दल बरा शब्द मात्र क्वचितच ऐकू येतो. रस्त्याकडेला माजणारे काँग्रेस गवत याच गव्हातून आले, असेही लोक सर्रास सांगतात.

गव्हाची किंमत म्हणून भारताने मोजलेले रुपये भारतातच पडून राहिले. ते अमेरिकेचे होते, पण अमेरिकेला नेता येत नव्हते. नेऊन करणार काय? वकिलातीचा खर्च, काही कर्जे, काही संशोधन असे भागवूनही ढीग वाढतच होता. इथे मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांनी १९५८ मध्ये कायद्यात एक दुरुस्ती घालून घेतली. या अडकलेल्या परकीय चलनातून त्या त्या देशातली पुस्तके आणि नियतकालिके विकत घ्यायची आणि ती अमेरिकेतल्या ग्रंथालयांना द्यायची, असा तिचा अर्थ. अन्नधान्याच्या कायद्यात पुस्तकांचे कलम! ते आपसूक उगवलेले नव्हते. दक्षिण आशियाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यापीठांना पुस्तके मिळत नव्हती आणि हा पैसा कुठे अडकला आहे हे त्यांना ठाऊक होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये नवी दिल्ली, कराची आणि कैरो इथे कचेऱ्या थाटल्या आणि काम सुरू झाले.

ते कसे चालत असे ते थोडे जवळून पाहू. दिल्लीच्या कचेरीत भाषावार जाणकार नेमलेले असत. वेगवेगळ्या राज्यांतले पुस्तकविक्रेते नव्या पुस्तकांचे गठ्ठे पाठवत. जाणकार त्यातून निवड करत, योजनेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी प्रती घेतल्या जात आणि जहाजाने रवाना होत. जुलै १९६२ पासून कचेरी आपल्या खरेदीची यादीही छापू लागली. भारतात त्या काळी कोणत्या भाषेत काय छापले जात होते हे पाहायला ती यादी आजही उपयोगी पडते. कविता, कादंबऱ्या, सरकारी अहवाल, संस्थांचे वृत्तांत, स्थानिक इतिहास असे बरेच काही त्या पेट्यांतून गेले. आपल्याकडे तालुक्याच्या वाचनालयातून केव्हाच बाद झालेले एखादे पुस्तक अमेरिकेतल्या कपाटात शाबूत सापडते, त्याचे मूळ इथे आहे. तिथल्या जुन्या सूचीनोंदीत पीएल ४८० ही खूण अजून दिसते.

विद्यापीठांना यासाठी नाममात्र वर्गणी द्यावी लागे. म्हणजे पुस्तके जवळजवळ फुकटच. पण जवळजवळ फुकट आलेल्या पुस्तकाला फळी लागते, बांधणी लागते आणि मुख्य म्हणजे ते वाचून त्याची नोंद करणारा माणूस लागतो. पेटी उघडली की वर तमिळ, खाली गुजराती, मध्ये मराठी. या भाषा जाणणारा नोंदकार नेमायचा तर त्याचा पगार गव्हाच्या रुपयांतून देता येत नव्हता, तो डॉलरमध्येच द्यायचा. कित्येक विद्यापीठांत पेट्या येत राहिल्या आणि न उघडता साठत गेल्या. अनुदानाने वस्तू मिळते, ती वस्तू सांभाळण्याचा खर्च मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. देणगीत आलेली पुस्तके स्वीकारताना आपल्याकडच्या कुठल्याही वाचनालयाच्या कार्यवाहाच्या कपाळावर जी आठी पडते, तिचे कारण हेच आहे.

ही अडचण सोडवायला दुसरा एक पैसा कामी आला आणि त्याचाही पुस्तकांशी काडीचा संबंध नव्हता. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका हादरली. दुसऱ्याच वर्षी तिने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्याच्या सहाव्या प्रकरणात परकीय भाषा शिकवणाऱ्या केंद्रांना पैसा देण्याची तरतूद होती. गणित आणि विज्ञान यांच्या बरोबरीने हिंदी, तमिळ, मराठी याही देशाच्या संरक्षणाच्या बाबी ठरल्या! हेच सहावे प्रकरण पुढे उच्च शिक्षणाच्या कायद्यात गेले आणि दशकानुदशके चालू राहिले. भाषाकेंद्रे आली, विद्यार्थी आले, त्यांना पुस्तके लागू लागली आणि पुस्तके लावणाऱ्या माणसांची गरज विद्यापीठांनाही पटली.

शिकागोत हे काम मॉरीन पॅटरसन यांनी उभे केले. त्या स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक होत्या. चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तान्त म्हणजे आपल्या लेखी घरातल्या पोथ्यांशेजारी ठेवायचे कौटुंबिक ग्रंथ. सामाजिक बदलाचा अभ्यास करण्यासाठी हे केवढे साधन आहे, हे त्यांनी १९६८च्या एका लेखात दाखवून दिले. कुलवृत्तान्ताचे मोल ओळखणारी व्यक्ती खरेदीच्या टेबलावर बसली की संग्रहाचा पोत बदलतो. अनुदानाच्या अर्जात असल्या नजरेसाठी वेगळा रकाना नसतो, पण तिच्यावाचून बाकीचे रकाने पोकळ राहतात.

गव्हाचा पैसा अर्थातच कायम पुरणार नव्हता. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी त्या साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारच्या हवाली केला. पुस्तकखरेदीसाठी थोडी रक्कम मागे ठेवली होती, पण तीही आटत जाणार हे दिसत होते. मग योजना गुंडाळायची का? ग्रंथालयांनी गुंडाळली नाही. दिल्लीची कचेरी, विक्रेत्यांची साखळी आणि भाषांचे जाणकार ही घडी बसलेली होती. ज्याला जेवढी पुस्तके हवीत त्याने तेवढे डॉलर भरावेत, असे ठरवून तीच घडी सहकारी खरेदी म्हणून पुढे चालवली. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. फुकट होते तेव्हा सगळेच भागीदार होते. पैसे भरायची वेळ आली तेव्हाही जे टिकले, त्यांना ही व्यवस्था खरोखर हवी होती.

दरम्यान त्या पुस्तकांचा कागद पिवळा पडून तुटू लागला होता. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असते, ते कागदाला आतून खाते. साठ-सत्तर वर्षांची मराठी मासिके हाताळणाऱ्याला हे सांगायला नको. पान उलटले की कोपरा हातात येतो. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी यासाठी १९६७ मध्ये दक्षिण आशियाच्या मायक्रोफिल्मचा एक संयुक्त प्रकल्प सुरू केला. त्याचे घर शिकागोतल्याच सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या संस्थेत. ही संस्था म्हणजे १९४९ मध्ये काही विद्यापीठांनी मिळून बांधलेले सामाईक कोठार. क्वचित लागणारी गोष्ट प्रत्येकाने कशाला ठेवायची, एकाच ठिकाणी ठेवू आणि लागेल तसे मागवू, हा त्यामागचा व्यवहारी विचार. मायक्रोफिल्मच्या प्रकल्पाचीही तीच रीत. सभासदांची वार्षिक वर्गणी, कोणते वर्तमानपत्र किंवा मासिक चित्रित करायचे ते सभासदांनीच ठरवायचे, आणि फिल्म सर्वांची. भिशीसारखाच हा मामला, फक्त आळीपाळीने एकाला रक्कम मिळण्याऐवजी दरवेळी सर्वांनाच फिल्म मिळते.

वर्गणीचा हा पैसा छोटा असतो, पण त्याचे एक बळ आहे. मोठ्या अनुदानाच्या अर्जात तो आपला वाटा म्हणून दाखवता येतो. भारतीय भाषांतली १९०१ ते १९५३ या काळातली निवडक पुस्तके साहित्य अकादमीच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीत बी. एस. केशवन यांच्या संपादनाखाली नोंदवली गेली होती. त्या यादीतली पुस्तके शोधून त्यांची मायक्रोफिल्म करण्याचा मोठा प्रकल्प पुढे झाला, त्याला अमेरिकेच्या नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या संस्थेचे अनुदान मिळाले. यादी भारताची, फिल्म करायची ती भारतातल्याच ग्रंथालयांतली पुस्तके, पैसा अमेरिकेचा. आजवर पुस्तक हलत होते. इथून पुढे पुस्तक जागेवर राहून त्याची प्रतिमा हलू लागली. हा फरक किती मोठा आहे ते चेन्नईत कळते.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये कोट्टैयूर नावाचे गाव आहे. तिथले रोजा मुत्तय्या हे गृहस्थ चित्रकार व्हायला म्हणून तरुणपणी मद्रासला गेले, पाट्या रंगवण्याचे काम करू लागले आणि जुन्या बाजारातल्या पुस्तकांच्या नादी लागले. पुढे ते गावी परतले, पण नाद सुटला नाही. चाळीसेक वर्षांत त्यांनी सुमारे एक लाख वस्तू जमवल्या. त्यात एकोणिसाव्या शतकातली तमिळ पुस्तके होती, मासिके होती, आणि कुठलेही प्रतिष्ठित ग्रंथालय ज्याला हात लावणार नाही असा मालही होता: नाटकांच्या जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या, लग्नपत्रिका, हस्तपत्रके. कसर आणि वाळवी यांच्याशी ते आपल्या परीने झगडत राहिले. १९९२ मध्ये ते वारले. मग अशा संग्रहाचे जे होते ते होण्याची वेळ आली. घरच्यांना तो झेपणारा नव्हता, विखुरला असता तर त्याची किंमतच गेली असती.

शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला. तीस वर्षांपूर्वीची रीत असती तर पेट्या भरून जहाजाने शिकागोला गेल्या असत्या. त्याऐवजी ग्रंथालयाच्या दक्षिण आशिया विभागाचे प्रमुख जेम्स नाय आणि त्यांचे तमिळ सहकारी यांनी ठरवले की संग्रह तमिळनाडूतच राहील. १९९४ मध्ये चेन्नईत त्यासाठी रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय स्थापन झाले. विद्यापीठाने पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्या घरी न नेणे हे वरवर उदारपणाचे वाटते. उदारपणा होताच. हिशेबही होता. तमिळ वाचणारे चेन्नईत होते, तमिळ नोंदकार चेन्नईत मिळत होते, आणि एका अमेरिकन नोंदकाराच्या पगारात चेन्नईत चांगली माणसे नेमून त्यांना शिकवता येत होते. शिकागोला पुस्तकाचा कागद नको होता, मजकूर हवा होता. तो फिल्मवर मिळणार होता.

प्रकल्पाला पैसा कुणी दिला ते पाहण्यासारखे आहे, कारण एकाच कपाटाचे वेगवेगळे खण वेगवेगळ्या खिशांतून सांभाळले गेले. मानव्यविद्यांसाठीच्या एन्डॉवमेंटने नोंदी आणि मायक्रोफिल्म यांचा भार उचलला. संग्रहात सिद्ध वैद्यकाची पुस्तके होती, तेव्हा वैद्यकाच्या इतिहासात रस असलेल्या लंडनच्या वेलकम ट्रस्टकडे जाता आले. एकच संग्रह, पण प्रत्येक दात्याला त्यातला त्याच्या जिव्हाळ्याचा भाग दाखवायचा. यात लबाडी नाही. संग्रहात खरोखर काय काय आहे हे बारकाईने माहीत असल्याशिवाय हे जमतही नाही, म्हणून आधी नोंदी करायच्या आणि मग मागायला जायचे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. ‘आमच्याकडे अत्यंत दुर्मीळ ग्रंथसंपदा आहे’ एवढ्या वाक्यावर अर्ज जातो. कोणती संपदा, किती, कोणत्या अवस्थेत, याचा कागद मागितला की पुढचे सहा महिने पत्रव्यवहार चालतो.

चेन्नईच्या ग्रंथालयात फिल्मवर काम करणारी, नोंदी करणारी, जुना कागद दुरुस्त करणारी माणसे तयार झाली आणि त्यांचा पुढे दुसऱ्यांनाही उपयोग झाला. ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त संग्रहांसाठीचा कार्यक्रम २००४ मध्ये आर्केडिया या निधीच्या पैशावर सुरू झाला. मूळ कागद देशाबाहेर जाणार नाहीत आणि चित्रित प्रत त्या देशातही राहील, असा त्याचा नियमच आहे. त्या कार्यक्रमातून तमिळनाडूतली कामे घेणाऱ्यांत हे ग्रंथालय होते. म्हणजे शिकागोने वाढवलेले हात लंडनच्या पैशावर तिसऱ्याच कुणाचे कागद वाचवू लागले. २००७ पासून तिथे सिंधू लिपीच्या अभ्यासाचे केंद्रही आहे, इरावतम् महादेवन यांच्यासारख्या विद्वानाने ते उभारले. ज्या संस्थेची सुरुवात दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाने केली, तिने स्वतःची कामे अशी हाती घ्यावीत, यापेक्षा बरा परिणाम कुठल्या अहवालात लिहिता आला असता?

आता कोशांकडे येऊ. १९९९च्या सुमारास शिकागो, कोलंबिया आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठांचा एक गट यांनी मिळून दक्षिण आशियाई भाषांचे कोश संगणकावर आणायचे ठरवले. पैसा आला अमेरिकेच्या शिक्षण खात्याकडून, आणि तोही त्याच स्पुटनिकच्या सहाव्या प्रकरणाच्या परंपरेतून. चाळीस वर्षांपूर्वी रशियाच्या धास्तीने उघडलेल्या तिजोरीतून १८५७ सालचा मराठी कोश बाहेर यावा, हे मोल्सवर्थला कुणी सांगितले असते तर त्याला हसू आवरले नसते.

असा अर्ज वरून कोरडा कागद वाटतो, पण तो एक साहित्यप्रकारच आहे, आणि त्यात नाव काढलेल्या ग्रंथपालांचे अर्ज अभ्यासक्रमाला लावावेत इतके चांगले असतात. तो तपासणारे बहुतेक जण बाहेरचे अभ्यासक असतात. ते विचारतात: हे कोण वापरणार, हे काम आधी कुणी केले आहे का, ते तुम्हीच का करावे, आणि पैसे संपल्यावर काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सगळेच देतात. चौथ्यापाशी भाषा एकदम धूसर होते.

अंदाजपत्रकात आणखी एक गंमत असते. विद्यापीठाने आपला वाटा उचलावा अशी अपेक्षा असते, आणि तो रोख असतोच असे नाही. कामावर असलेल्याच माणसाचा एक चतुर्थांश वेळ या प्रकल्पाला दिला असे दाखवतात आणि त्याच्या पगाराचा तेवढा हिस्सा विद्यापीठाचा वाटा म्हणून धरतात. एकच ग्रंथपाल अशा तीन-चार प्रकल्पांत पाव-पाव वाटलेला असतो आणि त्याचे रोजचे काम उरलेल्या शून्यातून चालते. दुसरीकडे विद्यापीठ आपला ओव्हरहेड मागते: इमारत, वीज, हिशेबनीस यांचा खर्च. संशोधनाच्या अनुदानांत मोठ्या अमेरिकन विद्यापीठांचा हा दर खर्चाच्या ५० टक्क्यांच्याही वर जातो. शिक्षण खात्याच्या प्रशिक्षण स्वरूपाच्या अनुदानांत मात्र त्यावर ८ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून अशी अनुदाने आणणाऱ्या विभागाकडे विद्यापीठाचे वित्त अधिकारी फारशा कौतुकाने पाहत नाहीत. शेजारच्या प्रयोगशाळेच्या अनुदानातून जे मिळते ते इथून मिळत नाही. ग्रंथपालाला बाहेर दात्याला पटवावे लागते आणि घरात आपल्याच लोकांना.

आणि प्रत्यक्ष काम? मोल्सवर्थचे एखादे पान डोळ्यासमोर आणा. दोन स्तंभ, बारीक टंक. मराठी शब्द, लगेच त्याचे लिंग, कंसात त्याचे मूळ दाखवणारे एकच अक्षर: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी. मग इंग्रजी अर्थ, त्यांतच पोटात वाक्प्रचार आणि म्हणी, त्यांचे अर्थ, दुसऱ्या नोंदींकडे बोट. हे सगळे नुसते टंकून भागत नाही. कुठला शब्द ही मुख्य नोंद, कुठे अर्थ सुरू होतो, कुठले मराठी वाक्य पोटातले आहे, हे यंत्राला कळावे अशा खुणा घालाव्या लागतात. त्या काळी घरोघरच्या संगणकांवर देवनागरी धड उमटतही नसे, त्यामुळे रोमन लिपीतले लिप्यंतर सोबत ठेवण्याला मोठा अर्थ होता. मोल्सवर्थवर आता कुणाचा मालकी हक्क उरलेला नाही, पण बर्नसन किंवा तुळपुळे-फेल्डहाउस यांच्यासारखे १९८० नंतरचे कोश घ्यायचे तर हक्क असणाऱ्यांची लेखी परवानगी हवी. कागदपत्रांचा हा भाग तंत्रज्ञानापेक्षा अधिक वेळ खातो.

त्या खुणांमुळे एक अनपेक्षित लाभ झाला. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी, म्हणजे एकेरी वाटेचा. पण संगणकावर सगळ्या मजकुरात शोध घेता येतो. इंग्रजी शब्द टाकला की ज्या ज्या मराठी नोंदींच्या अर्थात तो आला आहे त्या सगळ्या रांगेने समोर उभ्या राहतात. दीडशे वर्षे एकाच बाजूने उघडणारे दार दोन्हीकडून उघडू लागले. शेतीची अवजारे, दोरखंडाचे प्रकार, पावसाच्या तऱ्हा यांचे विसरलेले मराठी शब्द आज भाषांतरकारांच्या हाती लागतात ते या वाटेने. मोल्सवर्थला हे सुचण्याचे कारण नव्हते, आणि अर्ज तपासणाऱ्यांनाही याचा अंदाज कितपत आला असेल, शंकाच आहे.

मग चौथा प्रश्न. कोश एकदा चढवला की काम संपले, असे नसते. ब्राउझर बदलतात, युनिकोड येते, सर्व्हर जुना होतो, लोक फोनवर शोधू लागतात. अनुदान तीन वर्षांचे, देखभाल कायमची. देखभालीला पैसे द्यायला दाते नाखूश असतात, कारण तिचे उद्‌घाटन करता येत नाही. यावर दक्षिण आशियाच्या ग्रंथालयांनी काढलेली तोड पुन्हा वर्गणीचीच आहे. मायक्रोफिल्मच्या त्या १९६७च्या प्रकल्पातून साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज हा नवा उपक्रम वाढला आणि २०१९ मध्ये त्याचा संग्रह जेस्टोर या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला. सभासद ग्रंथालये दरवर्षी पैसे भरतात, वाचणाऱ्याला काही पडत नाही. दक्षिण आशियातल्या संस्थाही त्यात भागीदार आहेत.

ही सावध रीत शहाणपणाची होती हे लवकरच दिसले. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीजची एक हजाराहून अधिक चालू अनुदाने नव्या सरकारने रद्द केली. काम निम्म्यावर असताना ग्रंथालयांच्या हाती पत्रे पडली. त्याच वर्षी भाषाकेंद्रांना मिळणारा सहाव्या प्रकरणाचा पैसाही थांबला. शीतयुद्धाच्या धास्तीने सुरू झालेला झरा ती धास्ती विरल्यावरही तीन दशके वाहत राहिला, हेच खरे तर नवल. ज्यांनी सगळा संसार त्यावर मांडला होता त्यांची पंचाईत झाली.

आपल्या बाजूचे चित्रही बदलले आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने असा पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवा, असे ठरले. एखाद्या मोठ्या ग्रंथालयाने परदेशी अनुदान घ्यायचे आणि त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान संग्रहांना वाटा द्यायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. महाराष्ट्रात शंभर वर्षे ओलांडलेली वाचनालये गावोगाव आहेत आणि त्यांच्या कपाटांत दुसरीकडे न मिळणारी मासिके आहेत. अशा एखाद्या वाचनालयाला नोंदणीपासून सगळे सोपस्कार स्वतः करणे झेपत नाही. लेखनिकाच्या पगाराची जिथे मारामार, तिथे दिल्लीतले खाते आणि वार्षिक विवरणपत्र कोण सांभाळणार?

एक फट मात्र कायद्यानेच ठेवली आहे. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचा मोबदला ही देणगी धरली जात नाही. तेव्हा परदेशी विद्यापीठाने अनुदानात वाटेकरी करून घेण्याऐवजी अमुक हजार पानांचे स्कॅनिंग करून द्या म्हणून कंत्राट द्यायचे, आणि इकडच्या संस्थेने त्याचे बिल पाठवायचे, हा रस्ता मोकळा राहतो. व्यवहार चोख होतो, पैसे वेळेवर येतात. फक्त भागीदाराचा पुरवठादार होतो. पानामागे दर ठरतो, दर्जाची अट ठरते, मुदत ठरते. कोणती पाने निवडायची, प्रत कुणाकडे राहील आणि नोंद कोणत्या भाषेत होईल, हे बिल पाठवणाऱ्याला कुणी विचारत नाही.